नेटिव्ह आणि त्याचे भाऊबंद

एका संग्रहालयाच्या खनिज-दालनासाठी माहितीपाट्या मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. पाट्या लहान, तीन-चार ओळींच्या. अशा कामात एकदा हात बसला की वाक्यं भराभर होत जातात, आणि चुका होतात त्याही तिथेच. एका पाटीवर ठळक अक्षरांत होतं, 'नेटिव्ह कॉपर'. मी लिहिलं 'स्थानिक तांबं' आणि पुढच्या पाटीला लागले.

रात्री तपासायला बसले तेव्हा सोबतचा फोटो नीट पाहिला. तळहातावर मावेल एवढा तुकडा, पण दगडासारखा अजिबात नाही. वाळक्या झुडपाची फांदी मोडून आणावी तसा होता. मधे जाडसर खोड, त्याला फुटलेले फाटे, फाट्यांना बारीक टोकं. टोकांवर नुकत्याच घासलेल्या भांड्याची लालसर चकाकी, आणि खोबणींत बसलेला हिरवा थर. खाली बारीक टायपात सापडल्याचं ठिकाण होतं, मिशिगन. संग्रहालय एका खंडात, तांबं दुसऱ्या खंडातलं. मग हे 'स्थानिक' कुठलं?

भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, गावाशी त्याचा काही संबंध नाही. बहुतेक तांबं खनिजात अडकलेलं असतं, गंधकाबरोबर, लोखंडाबरोबर. ते भाजून, वितळवून बाहेर काढावं लागतं. हे मात्र जमिनीतून निघालं तेच तांबं म्हणून निघालं. सोनं निघतं ना, तसं."

निघालं तेच तांबं म्हणून. म्हणजे तांबं म्हणूनच जन्मलं. इतकी वर्षं हा शब्द मी 'इथला' या अर्थानं लिहीत आले होते, आणि त्यात 'इथे' कुठेच नव्हतं. होता तो फक्त जन्म. त्या रात्री पाट्या बाजूला राहिल्या आणि मी शब्दकोश काढून बसले.

नेटिव्ह आला लॅटिनमधल्या 'नातिवुस'वरून. नातिवुस म्हणजे जन्मानं मिळालेला, उपजत. त्याच्या मागे 'नातुस', जन्मलेला. आणि नातुसचं जुनं रूप 'ग्नातुस'. सुरुवातीचा हा ग लॅटिनमध्येच गळून पडला, पण काही जोडशब्दांच्या पोटात टिकून राहिला. दोन भाषांतल्या एकाच मुळाच्या शब्दांना भाषाशास्त्रज्ञ 'कॉग्नेट' म्हणतात, त्यातला ग तोच. कॉग्नेट म्हणजे सोबत जन्मलेले, भावंडं.

ग्नातुसचं संस्कृतातलं भावंड कोणतं, तर 'जात'. एकाच मुळाला एकाच प्रत्ययाची जोड. युरोपात त्याचं ग्नातुस झालं, आपल्याकडे जात. नवजात, जन्मजात, अभिजात यांतला जात. कुंडली ज्याची मांडली त्याला जातक म्हणतात, तो जात. जन, जन्म, जननी, प्रजा, वंशज ही सगळी एकाच घरातली. तिकडे ग्रीकमध्ये जेनेसिस, इंग्रजीत किन म्हणजे नातलग, जर्मनमध्ये किंड म्हणजे मूल. फारसीत त्याच मुळाचं 'जादा' झालं, म्हणून शहाजादा म्हणजे शहाच्या पोटी जन्मलेला.

लॅटिनच्या बाजूनं आणखी पुढे गेले तर नेचर म्हणजे जन्मानं आलेला गुण. फ्रेंचांचा नोएल म्हणजे नाताळ, आणि आपला नाताळ शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला, त्याच जन्माचा. इंग्रजीत भाबड्या माणसाला नाईव्ह म्हणतात, तोही नातिवुसच. फ्रेंचांच्या तोंडी घासून घासून त्याचा नाईफ झाला आणि इंग्रजीत दुसऱ्यांदा शिरला. म्हणजे जन्माला आला तसाच राहिलेला, जगाचा हात न लागलेला. त्या तांब्यासारखा.

आणि नेशन. लॅटिन 'नातिओ', आधी वाण, वीण, मग एका वंशाचे लोक. जन्माच्या त्याच मुळाला लॅटिनमध्ये 'तिओ' लागून नातिओ झालं, संस्कृतात 'ति' लागून जाति. राष्ट्र या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि आपला जात हा शब्द सख्खे चुलतभाऊ आहेत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक उलटं ठेवून जरा वेळ नुसती बसून राहिले.

कारण मराठीत या मुळाचे दोन चेहरे रोज समोर येतात. एक प्रेमाचा. 'जात्याच हुशार आहे' असं आपण म्हणतो. इंग्रजीत नेटिव्ह इंटेलिजन्स म्हणतात ते हेच. जातिवंत गायक, उपजत समज, सहज आलेला सूर. सहज म्हणजे तरी काय, सोबत जन्मलेलं. निज म्हणजे आपलं स्वतःचं, तेही आत जन्मलेलं. इतकं जवळचं, इतकं कौतुकाचं. आणि दुसरा चेहरा तो, ज्यात 'जन्मलेला' एवढ्या साध्या शब्दावरून माणसानं कुठे राहावं, कुणाच्या विहिरीवर पाणी भरावं, काय काम करावं हे ठरवलं गेलं. मला वाटत होतं की हे फक्त आपल्या शब्दाच्या वाट्याला आलं. नेटिव्हचा मागचा इतिहास पाहिल्यावर तसं म्हणता येईना.

मध्ययुगातल्या इंग्लंडच्या कागदपत्रांत 'नातिवुस' वारंवार भेटतो, आणि त्याचा अर्थ आहे जन्मानं बांधील असलेला कूळ. जमीनदाराच्या परवानगीशिवाय गाव सोडता येत नाही, मुलीचं लग्न लावायचं तर पैसे भरायचे, अशी ज्याची अवस्था तो नातिवुस. असा माणूस पळून गेला तर जमीनदाराला दरबारातून हुकूम मिळायचा, त्याचं नाव 'दे नातिवो हाबेन्दो', नातिवुस परत मिळण्याबाबत. इंग्रजीत नेटिव्ह हे नाम पंधराव्या शतकात दिसू लागतं ते याच अर्थानं, दास्यात जन्मलेला माणूस. 'इथला रहिवासी' हा अर्थ नंतरचा. या मातीत जन्मला म्हणजे या मातीला बांधला गेला, आणि माती दुसऱ्याच्या मालकीची.

व्हर्नाक्युलर हा शब्दही मला तेव्हाच उलगडला. लॅटिनमध्ये 'वेर्ना' म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. बाजारातून विकत आणलेला वेगळा, घरात जन्मलेला वेगळा. त्यावरून वेर्नाकुलुस म्हणजे घरचा, आणि पुढे घरची भाषा. १८७८ साली हिंदुस्थानातल्या देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर सरकारनं कायदा लादला, त्याच्या नावात हा शब्द होता. इंग्रजी वृत्तपत्रांना तो लागू नव्हता. १८८२ मध्ये तो मागे घेतला गेला. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात रोमचा गुलाम नसेलही, शब्दाच्या पोटात मात्र तो होता.

आता याच्या शेजारी आझाद ठेवून पाहा. आझाद फारसी, आणि मूळ तेच, 'जादा'मधलं. इराणी भाषांच्या जुन्या रूपात 'आजात' म्हणजे कुळात जन्मलेला, म्हणून खानदानी, म्हणून कुणाचा ताबेदार नसलेला. पुढे नुसता स्वतंत्र. एकच मूळ, एकच कल्पना, जन्मलेला. एका ठिकाणी त्याचा अर्थ झाला बांधलेला, दुसऱ्या ठिकाणी मोकळा. फरक एवढाच की एक शब्द मालकाच्या वहीतला आहे आणि दुसरा कुळातल्या लोकांनी स्वतःला लावलेला.

हा फरक मनात ठेवला की नेटिव्हचा पुढचा प्रवास समजू लागतो. साम्राज्यं पसरली तसा हा शब्द जहाजांतून जगभर गेला. आपला देश सोडून दुसऱ्यांच्या देशात जाऊन बसलेले लोक तिथल्या माणसांना नेटिव्ह म्हणू लागले. खरं तर तो मानाचा शब्द व्हायला हवा होता, ज्याचं आहे तो. पण बोलणारा मालकाच्या जागी होता. हिंदुस्थानात पलटणी नेटिव्ह, संस्थानं नेटिव्ह, शहराचा दाटीवाटीचा भाग नेटिव्ह टाऊन. एकोणिसाव्या शतकातल्या मराठीनं त्याला 'एतद्देशीय' असा भारदस्त प्रतिशब्द दिला. मला तो शब्द आवडतो. त्यात अपमानाचा लवलेश नाही, नुसतं 'या देशाचा' आहे. आणि त्याच काळात काहींनी मूळ शब्दच उचलून स्वतःच्या दारावर लावला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८६४ साली मुंबईत वृत्तपत्र सुरू केलं, त्याचं नाव 'नेटिव्ह ओपिनियन'. नेटिव्हला मत असतं हे नावातच सांगून टाकलेलं.

दक्षिण आफ्रिकेत तो शब्द थेट कायद्यावर चढला. १९१३चा नेटिव्ह्ज लँड अॅक्ट. देशातली सुमारे ७ टक्के जमीन काळ्या लोकांसाठी राखून ठेवली गेली आणि तिच्याबाहेर त्यांना गोऱ्यांकडून जमीन विकत वा भाड्यानं घेण्याची बंदी झाली. १९३६ मध्ये हा हिस्सा वाढवून १३ टक्क्यांच्या आसपास नेण्याची तरतूद झाली, तरी देशात बहुसंख्य तेच होते. सॉल प्लाट्ये हे तिथले पत्रकार आणि नेते सायकलवरून फिरले, रस्त्यावर आलेली कुटुंबं, त्यांची उपाशी गुरं पाहिली आणि १९१६ साली त्याबद्दल लिहिलं. त्यांचं पहिलंच वाक्य असं आहे की २० जून १९१३ च्या शुक्रवारी सकाळी दक्षिण आफ्रिकेतला नेटिव्ह जागा झाला तेव्हा तो अगदी गुलाम नव्हे, पण स्वतःच्या जन्मभूमीतच 'परिया' झालेला होता.

परिया हा शब्द प्लाट्ये यांच्यापर्यंत इंग्रजीतून पोहोचला, इंग्रजीत तो तमिळमधून गेला. परई म्हणजे एक वाद्य, ते वाजवणारे परैयर, ज्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं. नेटिव्हचं दुःख सांगायला प्लाट्ये यांच्या हाताला जो शब्द लागला तो एका जातीचं नाव होता. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगता येणार नाही.

अमेरिकेत या शब्दानं वेगळीच वाट धरली. आज नेटिव्ह अमेरिकन म्हटलं की कोलंबसाच्या आधीपासून तिथे असलेले लोक डोळ्यांसमोर येतात. पण १८४०च्या दशकात याच नावाचा एक राजकीय पक्ष होता आणि त्यात ते लोक नव्हतेच. तो गोऱ्या प्रोटेस्टंटांचा पक्ष होता. त्यांचे आजे-पणजे युरोपातून आलेले, आणि आता नव्यानं येणाऱ्या आयरिश, जर्मन कॅथलिकांना विरोध करताना ते स्वतःला नेटिव्ह म्हणवत होते. बाहेरच्यांविरुद्धच्या अशा राजकारणाला इंग्रजीत अजूनही नेटिव्हिझम म्हणतात.

मग १८६८ साली तिथल्या राज्यघटनेत चौदावी दुरुस्ती झाली. अमेरिकेत जन्मलेली आणि तिच्या अधिकारकक्षेत येणारी प्रत्येक व्यक्ती नागरिक. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांसाठी हे वाक्य फार मोठं होतं. जॉन एल्क नावाचे एक गृहस्थ ओमाहा शहरात राहत होते. ते एका मूळनिवासी जमातीत जन्मलेले होते, जमात सोडून शहरात स्थायिक झालेले. मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले तर नोंदवून घेतलं नाही. दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८८४ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. जमातीत जन्मलेला माणूस अमेरिकेच्या भूमीवर जन्मला असला तरी जन्मानं तिचा नागरिक नाही. सगळ्या मूळनिवासींना नागरिकत्व मिळायला १९२४ उजाडलं.

ज्यांच्या पूर्वजांच्या कितीतरी पिढ्या त्या मातीत गेल्या त्यांचा जन्म मोजला गेला नाही. ही गोष्ट मला चीड आणते, आणि ती शंभरेक वर्षांपूर्वीची आहे म्हणून ती चीड कमी होत नाही.

माझ्या तांब्याची गोष्टही तिथलीच निघाली. लेक सुपीरियरच्या दक्षिण काठावर असं जन्मजात तांबं मुबलक होतं आणि तिथले लोक हजारो वर्षांपासून ते ठोकून भाल्यांची टोकं, सुऱ्या, मणी करत आले होते. ओंटोनॅगन नदीच्या पात्रात तांब्याचा एक प्रचंड गोळा होता, सुमारे १,६८० किलोचा. ओजिब्वे लोक त्याला पवित्र मानत. १८४२ च्या तहानं त्या भागावरचा त्यांचा हक्क गेला आणि पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, तो गोळा तिथून हलवला गेला. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आहे. ओजिब्वेंच्या एका समुदायानं नंतर तो परत मागितला. मागणी मान्य झाली नाही. नेटिव्ह तांबं, नेटिव्ह माणसं, आणि दोघांचीही जागा बदललेली. शब्दकोशात हे दोन अर्थ एकाखाली एक, वेगवेगळे आकडे घालून छापलेले असतात.

ऑस्ट्रेलियात मात्र या शब्दानं एकदा तरी देणं दिलं. टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचे एडी माबो आणि त्यांचे सोबती दहा वर्षं कोर्टात लढले. इंग्रज आले तेव्हा ही जमीन कुणाचीच नव्हती, या समजुतीविरुद्ध. ३ जून १९९२ रोजी तिथल्या उच्चतम न्यायालयानं ती समजूत मोडीत काढली आणि 'नेटिव्ह टायटल' मान्य केलं, म्हणजे आधीपासून असलेल्यांचा जमिनीवरचा हक्क. माबो निकाल ऐकायला नव्हते. ते त्याच जानेवारीत वारले होते.

भाषेच्या बाबतीत मला स्वतःला हा शब्द टोचलेला आहे. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी १९३३ मध्ये सरळ व्याख्या केली होती: माणूस जी भाषा पहिल्यांदा बोलायला शिकतो ती त्याची नेटिव्ह भाषा, तो तिचा नेटिव्ह स्पीकर. काही वर्षांपूर्वी एका भाषांतर संस्थेनं इंग्रजी मजकूर तपासण्याचं काम मला नाकारलं. माझी चाचणी त्यांना आवडली होती, तसं कळवलंही होतं. पण नियमाप्रमाणे नेटिव्हच हवा होता. मला वाईट वाटलं ते काम गेलं म्हणून कमी, आणि त्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून जास्त. चूक दाखवली असती तर सुधारली असती. जन्म कुठून सुधारणार?

मराठीत आपण मातृभाषा म्हणतो, ते मला अधिक खरं वाटतं. भाषा घेऊन कुणी जन्मत नाही. कुणीतरी मांडीवर घेऊन बोलत राहतं, तेव्हा ती येते. इंग्रजीनं तिथे जन्म ठेवला, मराठीनं माणूस ठेवला.

'डिजिटल नेटिव्ह' हा २००१ पासून मार्क प्रेन्स्की यांच्या लेखामुळे रुळलेला प्रयोग माझ्या फारसा मनाला लागला नाही. संगणकांच्या काळात जन्मलेले ते नेटिव्ह, आधीचे ते स्थलांतरित. जागेऐवजी काळाला जन्मभूमी केलं, एवढं नवीन. सगळी लहान मुलं जन्मतः यंत्रात पारंगत असतात हे काही मला पटत नाही.

त्यापेक्षा आपल्याकडे इंग्रजी बोलताना सर्रास वापरलं जाणारं 'नेटिव्ह प्लेस' मला जास्त ओढून घेतं. शब्दाच्या मुळाप्रमाणे त्याचा अर्थ जन्मस्थान व्हायला हवा. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला दवाखाना कोणत्या शहरात होता ते नको असतं. त्याला विचारायचं असतं, मूळचे कुठले? आणि उत्तर देणारा अशा गावाचं नाव सांगतो जिथे तो स्वतः जन्मलेला नसतो, कधी कधी त्याचे वडीलही नसतात. जन्माचा शब्द घेऊन आपण त्यात आजोबा, पणजोबा भरले. काही जण ते नाव अभिमानानं सांगतात. काही जण सांगण्याआधी क्षणभर थांबतात, कारण गावावरून आडनाव आणि आडनावावरून पुढचं काय काय ताडलं जातं ते त्यांना ठाऊक असतं. ते थांबणं मी पाहिलेलं आहे. नेटिव्ह आणि जात यांचं नातं समजायला तिथे शब्दकोश लागत नाही.

पाट्या द्यायची तारीख जवळ आली तेव्हा मैत्रिणीला पुन्हा फोन केला. 'उपजत तांबं' कसं वाटतं, विचारलं. 'जातिवंत तांबं' म्हणावं असंही मनात येऊन गेलं होतं, पण ते तिला सांगितलं नाही. ती म्हणाली, "इतका विचार कशाला करतेस? शाळेच्या पुस्तकात आहे की. सोनं निसर्गात कोणत्या अवस्थेत आढळतं?"

उत्तर मला पाठ होतं. आपण सगळ्यांनीच ते कधीतरी लिहिलेलं असतं.

मी फाइल उघडली, 'स्थानिक' खोडलं आणि लिहिलं, 'मुक्त अवस्थेतलं तांबं'.